तक्त्यातले नेमके घर

१

दोन वर्षांपूर्वी नागपुरातल्या एका छोट्या इतिहास मंडळात मी एक व्याख्यान दिले. विषय होता, वऱ्हाडातल्या एका तालुक्यातील काही गावांची आणेवारी आणि त्या गावांनी शेतसाऱ्याच्या तहकुबीसाठी केलेले अर्ज. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि कळमन्याच्या एका अडतीच्या दुकानात हिशेब लिहीत आलो. जुने कागद वाचण्याची आवड घरातून आली, कारण आजोबांचे थोरले भाऊ पटवारी होते. त्यांच्या मागे राहिलेल्या गाठोड्यात आसपासच्या गावांच्या आणेवारीच्या नकला आणि अर्जांच्या याद्या निघाल्या. त्याच माझ्या संशोधनाचे भांडवल.

व्याख्यानाचा निष्कर्ष मी जरा ऐटीतच मांडला होता. ज्या वर्षी गावांनी ‘पीक बुडाले, सारा तहकूब करा’ असे अर्ज केले, त्या वर्षांची आणेवारी मी काढली. ती एकूण सरासरीपेक्षा फारशी वेगळी नव्हती. म्हणजे कागद कास्तकारांच्या तक्रारीला दुजोरा देत नाहीत, असे मी म्हणालो. भिंतीवर पडद्यावर तक्ता होता आणि प्रत्येक गावापुढे आकडा. सभागृहात थोडी कुजबुज झाली. मागच्या रांगेतले ऐंशी ओलांडलेले एक गृहस्थ काठीवर भार देऊन उठले. त्यांचे वडील त्याच यादीतल्या एका गावचे पटवारी होते.

‘‘भाऊ,’’ ते म्हणाले, ‘‘माह्या गावाचा अर्ज एकाच सालचा आहे. मंग त्या एका सालची आणेवारी तुम्ही दशांशात कशी काय दाखवता? आमच्या गावची आणेवारी दशांशात कधी कोणी लिहिली?’’

मी काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. घरी येईपर्यंत मात्र पोटात गोळा आला होता. काकाजींचे म्हणणे बिनतोड होते. एका गावाचे एकच वर्ष निवडले असेल तर उत्तर एकच आकडा यायला हवे, आणि तो नकलेत जसा लिहिला आहे तसाच. तो अपूर्णांकात आला याचा अर्थ मी दुसरेच काहीतरी निवडले होते.

ती चूक कुठे झाली हे शोधताना मला दोन इतिहास वाचावे लागले. एक आपल्याकडच्या पिकांच्या अंदाजाचा, दुसरा मी वापरत असलेल्या संगणकी भाषेचा. दोन्हींत प्रश्न एकच आहे : ओळी आणि रकाने यांनी भरलेल्या तक्त्यातून हवे ते घर कसे उचलायचे?

२

आधी आणेवारीविषयी. १९०३ पासून वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताबरोबर नागपुरातून चालू लागला. वऱ्हाडात रयतवारी होती, नागपूर-वर्धा-भंडाऱ्याकडे मालगुजारी. पद्धती वेगळ्या असल्या तरी पीक किती आले हा प्रश्न दोन्हीकडे साऱ्याशी बांधलेला होता. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी हा भाग होरपळून काढल्यानंतर तर तो प्रश्न जास्तच टोकदार झाला.

अधिकृत अंदाजाचे सूत्र सोपे होते. पेऱ्याखालचे क्षेत्र गुणिले सर्वसाधारण पिकाचे एकरी उत्पन्न गुणिले त्या वर्षीची आणेवारी. क्षेत्राचा आकडा पटवाऱ्याच्या दप्तरातून येई आणि तो बऱ्यापैकी भरवशाचा असे. एकरी उत्पन्नाचा आकडा जुन्या कापण्यांवरून ठरवून ठेवलेला. तिसरा घटक मात्र नजरेचा. रुपयाचे सोळा आणे, तसे पिकाचे आणे. गावच्या शिवारावर नजर टाकून अमुक आणे पीक असे ठरवायचे. पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे की बारा, याबद्दलही प्रांताप्रांतांत एकवाक्यता नव्हती. आणेवारी ठरावीक मर्यादेखाली गेली की साऱ्याची तहकुबी किंवा सूट मिळण्याचा मार्ग मोकळा होई. म्हणून आकडा लिहिणाऱ्याच्या हातावर दोन्ही बाजूंचा दाब असे : खालून कास्तकारांचा आणि वरून महसुलाचा.

१ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, आण्यांचे पैसे झाले आणि आणेवारीची पैसेवारी झाली. शब्द बदलला, पण रचना टिकली. आजही नजरअंदाज, सुधारित आणि अंतिम अशा तीन टप्प्यांत पैसेवारी जाहीर होते आणि पन्नास पैशांच्या आत की बाहेर यावर विदर्भातल्या वर्तमानपत्रांत दर हिवाळ्यात मथळे येतात.

ही सगळी माहिती तक्त्याच्या रूपातच मनात आणता येते. डाव्या बाजूला गावांची नावे एकाखाली एक, वरच्या बाजूला वर्षे आडवी. गावाची ओळ आणि वर्षाचा रकाना जिथे मिळतात ते एक घर, त्यात एक आकडा. गणितात अशा मांडणीला सारणी किंवा मॅट्रिक्स म्हणतात. हा शब्द इंग्रज गणिती जे. जे. सिल्व्हेस्टर यांनी १८५० मध्ये वापरात आणला. पण आपल्या कास्तकाराला ही कल्पना कोणी शिकवावी लागत नाही. फुलीवर पऱ्हाटी लावताना शेतात उभ्या-आडव्या रेघा पाडतात आणि जिथे दोन रेघा छेदतात तिथे सरकी टोकतात. ‘चौथ्या तासातलं सातवं झाड’ असे म्हटले की घरातले लहान पोरही बरोबर त्याच झाडापाशी जाऊन उभे राहते.

३

नजरेच्या आणेवारीवर विश्वास किती ठेवायचा, हा वाद विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून चालू होता. १९३४ मध्ये बोली आणि रॉबर्टसन या दोन ब्रिटिश अर्थतज्ज्ञांनी भारताच्या आर्थिक गणनेविषयी अहवाल दिला, त्यात शेतीच्या आकडेवारीच्या दुबळेपणाची चर्चा आहे. त्याच्याही आधी, १९२३ ते १९२५ या काळात, जे. ए. हबॅक या मुलकी अधिकाऱ्याने बिहार-ओरिसात भाताचे पीक यदृच्छेने निवडलेल्या जागी कापून मोजले होते. यदृच्छेने म्हणजे मनाला येईल तिथे नव्हे. उलट, निवडणाऱ्याच्या मनाला त्यात अजिबात वाव राहू नये अशा रीतीने.

हे दिसते तितके सोपे नाही. माणसाला ‘कुठेही एक जागा निवड’ म्हटले की त्याचा पाय चांगल्या पिकाकडे तरी वळतो किंवा धुऱ्याजवळच्या सोयीच्या कोपऱ्याकडे तरी. म्हणून यदृच्छ अंकांचे तक्ते आले. १९२७ मध्ये एल. एच. सी. टिपेट यांनी ४१,६०० अंकांचा असा तक्ता छापला. अंक घेतले होते जनगणनेच्या अहवालांतून. १९३८ मध्ये रोनाल्ड फिशर आणि फ्रँक येट्स यांचे तक्ते आले. या पुस्तकातून अंक घ्यायचा तोही ओळ आणि रकाना ठरवूनच. म्हणजे शेतातले घर निवडण्यासाठी आधी पुस्तकातले घर निवडायचे.

विदर्भाचा या इतिहासाशी थेट संबंध आहे, आणि तो कापसामुळे आहे. १ जानेवारी १८७७ ला नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली होती. १९२१ मध्ये इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी स्थापन झाली. १९२५ च्या कायद्याने जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांच्या नोंदी बंधनकारक झाल्या. त्यामुळे कापसाच्या बाबतीत एक सोय झाली जी ज्वारीच्या बाबतीत नव्हती : शेतावरून केलेला अंदाज गाठींच्या मोजणीशी ताडून बघता येई. नजरेचा अंदाज किती चुकतो हे कापसाइतके दुसऱ्या कुठल्या पिकात स्पष्ट दिसणे कठीण.

१९४० च्या दशकाच्या सुरुवातीला अकोला जिल्ह्यात कापसाच्या उत्पन्नाची यदृच्छ नमुना पाहणी झाली. तिच्याशी जोडलेली दोन नावे मराठी वाचकाने लक्षात ठेवावीत अशी आहेत. एक विनायक गोविंद पानसे, इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीतले. दुसरे आर. जे. कलमकर, जे रॉथॅमस्टेडच्या संशोधन केंद्रावर काम करून आले होते आणि नंतर मध्य प्रांताच्या शेती खात्यात होते. दोघांनी मिळून पिकांच्या अंदाजाच्या पद्धतीवर ‘करंट सायन्स’मध्ये लेख लिहिले. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे त्याच काळात कृषी संशोधन परिषदेत गहू आणि भाताच्या पाहण्या उभ्या करत होते. पानसे आणि सुखात्मे यांचे शेतीतल्या कार्यकर्त्यांसाठीचे सांख्यिकी पद्धतींचे पुस्तक १९५४ मध्ये परिषदेने काढले. महाराजबागेजवळच्या आमच्या कृषी महाविद्यालयाच्या कित्येक पिढ्या त्या पुस्तकावर वाढल्या.

या पद्धतीत निवड टप्प्याटप्प्याने होते. तालुक्यातून गाव, गावातून सर्व्हे नंबर, आणि शेतातून एक लहान तुकडा. शेवटचा टप्पा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शेताच्या नैऋत्य कोपऱ्यात उभे राहायचे. यदृच्छ अंकांच्या तक्त्यातून दोन अंक घ्यायचे. पहिल्याइतकी पावले शेताच्या लांबीवर, दुसऱ्याइतकी रुंदीवर. जिथे पोचलात तो तुकड्याचा कोपरा. धान्याच्या पिकांसाठी तुकडा ३३ फूट लांब, साडेसोळा फूट रुंद, म्हणजे एकराचा ऐंशीवा हिस्सा. मेट्रिक आल्यावर तो १० मीटर गुणिले ५ मीटर झाला. कापूस एकदम निघत नाही, म्हणून तुकड्यातली प्रत्येक वेचणी वेगळी तोलावी लागते.

तुकडा केवढा असावा यावरही मोठा वाद झाला. प्रशांतचंद्र महालनोबिस बंगालात छोट्या गोल तुकड्यांनी मोजत होते. तुकडा लहान असला की कडेवरचे झाड आत धरायचे की बाहेर असा प्रश्न वारंवार येतो, मोजणाऱ्याचा कल ते आत धरण्याकडे असतो आणि उत्पन्न वाजवीपेक्षा जास्त दिसते, असे सुखात्मे यांनी १९४६ च्या सुमारास दाखवून दिले. एवढ्याशा कडेवरून एवढा वाद! पण जिल्ह्याचा आकडा त्या कडेवर उभा होता.

इथे मला वाचकाचे लक्ष एका साध्या गोष्टीकडे वेधायचे आहे. ते दोन अंक जोडीने येतात. लांबी ४०, रुंदी १२ ही एक जागा. दुसऱ्या शेतात लांबी १५, रुंदी ३० ही दुसरी जागा. कोणी या अंकांच्या दोन वेगळ्या याद्या केल्या, एक सगळ्या लांब्यांची आणि एक सगळ्या रुंद्यांची, आणि ‘प्रत्येक लांबीवर प्रत्येक रुंदी’ असे कापायला सांगितले, तर दोन जागांऐवजी चार जागा होतील. दहा जागांच्या शंभर होतील. पानसे-कलमकरांच्या हाताखालचा कोणताही माणूस असे कधी करणार नाही. ऐंशी वर्षांनंतर मी नेमके तेच केले होते, आणि ते संगणकावर.

४

आता दुसरा इतिहास. नकलांतले आकडे आधी मी वहीत उतरवले. मग पुतण्याने सांगितले की ‘आर’ नावाची एक भाषा आहे, फुकट मिळते आणि आकडेमोडीसाठीच बनवलेली आहे. पन्नाशीच्या उंबरठ्यावर रात्री जेवण झाल्यावर मी ती एकट्याने शिकलो.

तिची वंशावळ रंजक आहे. १९६२ मध्ये केनेथ आयव्हरसन यांचे ‘अ प्रोग्रॅमिंग लँग्वेज’ हे पुस्तक आले. त्यातून एपीएल ही भाषा निघाली. एकेका आकड्यावर नव्हे, तर अख्ख्या तक्त्यावर एका आज्ञेत क्रिया करायची, ही तिची पद्धत. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये जॉन चेंबर्स आणि सहकाऱ्यांनी सांख्यिकीसाठी ‘एस’ ही भाषा सुरू केली. १९९० च्या दशकात न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी तिच्या धर्तीवर ‘आर’ घडवली. दोघांच्या नावांची आद्याक्षरे तीच आणि वर्णमालेत ‘एस’च्या आधीचे अक्षरही तेच. १९९५ पासून ती मुक्त परवान्याखाली आहे आणि १.० ही आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० ची. माझ्यासारख्या दुकानातल्या कारकुनाला ती परवडली ती या मुक्तपणामुळेच.

आता चूक. ती दाखवण्यासाठी एक कल्पित तक्ता घेऊ. गावे तीन : अ, ब, क. वर्षे तीन : पहिले, दुसरे, तिसरे. ‘अ’ची आणेवारी अनुक्रमे ४, १०, १२. ‘ब’ची ११, ५, ११. ‘क’ची ९, १३, ६. अर्ज असे : ‘अ’ने पहिल्या वर्षी केला, ‘ब’ने दुसऱ्या, ‘क’ने तिसऱ्या. अर्जाच्या वर्षांतले आकडे कोणते? ४, ५ आणि ६. सरासरी ५ आणे. हे बोटाने दाखवता येते.

आरमध्ये तक्त्याला ‘त’, गावांच्या यादीला ‘ग’ आणि वर्षांच्या यादीला ‘व’ म्हटले, तर मी लिहिले होते : त[ग, व]. माझ्या मनात अर्थ होता ‘पहिले गाव पहिल्या वर्षाशी, दुसरे दुसऱ्याशी’. आरच्या लेखी अर्थ वेगळा आहे : ‘या यादीतली सगळी गावे आणि या यादीतली सगळी वर्षे, त्यांचा अख्खा चौकोन’. तीन घरांऐवजी नऊ घरे. नवांची बेरीज ८१, सरासरी ९ आणे. खरे उत्तर ५.

हा फरक साधा नाही. ‘अ’ गाव ज्या वर्षी बुडाले त्या वर्षी ‘ब’ आणि ‘क’ बरे होते. चौकोन घेतला की प्रत्येक गावाच्या वाईट वर्षात दुसऱ्या गावांची चांगली वर्षे मिसळतात आणि वाईटपणा विरघळून जातो. म्हणजे ही चूक उत्तर कुठेही भरकटवत नव्हती. ती उत्तराला एकूण सरासरीकडेच ढकलत होती, आणि नेमका तोच माझा निष्कर्ष होता : ‘अर्जांची वर्षे इतर वर्षांपेक्षा फारशी वेगळी नव्हती.’ तो निष्कर्ष कागदांतून आलेला नव्हता, माझ्या चौकटी कंसातून आलेला होता. आरने चुकीचा संदेश दिला नाही, कारण तिच्या दृष्टीने काहीच चुकले नव्हते. मी चौकोन मागितला, तिने चौकोन दिला.

हा संकेत एपीएलपासून चालत आलेला आहे. तिथेही ओळी आणि स्तंभ अशा दोन याद्या दिल्या की चौकोनच मिळतो. आज लोकप्रिय असलेल्या पायथनच्या नमपाय या संचात मात्र दोन याद्या दिल्या की जोड्या लागतात, चौकोन हवा तर तो वेगळा मागावा लागतो. दोन्ही संकेत आपापल्या जागी ठीक आहेत. घात होतो तो एका भाषेचा समज दुसरीत नेल्यावर, आणि माझ्यासारख्याचा तर कुठल्याच भाषेचा अभ्यास पक्का नसल्यावर.

मग बरोबर रीत कोणती? माझा पहिला उपाय हिशेबनिसाचा होता. एकेक अर्ज घ्यायचा, त्याचे घर गाठायचे, आकडा उतरवायचा, पुढचा अर्ज. संगणकात याला फेरा म्हणता येईल. उत्तर बरोबर येते, पण आरमध्ये चौकटी कंसाची प्रत्येक मागणी ही एक स्वतंत्र आज्ञा असते, आणि हजारो घरांसाठी हजारो वेळा ती चालवत बसावे लागते. दुसरा उपाय पुतण्याने सुचवला : चौकोनच घ्या आणि त्याच्या कर्णावरची घरे उचला. हेही उत्तर बरोबर, पण उधळपट्टी केवढी! दहा हजार अर्ज असतील तर चौकोनात दहा कोटी घरे होतात. दशांश संख्येला आठ बाइट धरले तर ऐंशी कोटी बाइट जागा, आणि त्यातली हवी होती फक्त दहा हजार घरे. हे म्हणजे एक तुकडा तोलण्यासाठी अख्खे शिवार कापण्यासारखे.

नीट रीत अशी. दोन याद्या वेगळ्या द्यायच्या नाहीत. सीबाइंड या आज्ञेने त्या शेजारी-शेजारी बांधायच्या, म्हणजे दोन रकान्यांचा एक छोटा तक्ता होतो : डावीकडे गाव, उजवीकडे वर्ष. प्रत्येक ओळ एक जोडी. तो तक्ता एकटाच, मधे स्वल्पविराम न देता, चौकटी कंसात ठेवायचा : त[सीबाइंड(ग, व)]. मग आर प्रत्येक ओळीसाठी नेमके एक घर देते. तीन जोड्या, तीन आकडे : ४, ५, ६. सगळे काम आतल्या आत एका दमात होते, म्हणून ते फेऱ्यापेक्षा पुष्कळ वेगाने होते.

आत काय होते तेही समजून घेण्यासारखे आहे. संगणकाच्या स्मृतीत चौकोन नसतो, एक लांबच लांब रांग असते. आर तक्ता रकान्यामागून रकाना असा त्या रांगेत बसवते. ही रीत १९५७ च्या फोरट्रानची, आणि ‘एस’च्या मार्गे ती आरमध्ये आली. आपला तक्ता तिथे असा दिसतो : ४, ११, ९, मग १०, ५, १३, मग १२, ११, ६. ‘ब’ गावाचे दुसरे वर्ष कुठे? वर्षातून एक वजा करा, गावांच्या संख्येने गुणा, गावाचा क्रमांक मिळवा : एक गुणिले तीन अधिक दोन, म्हणजे पाचवी जागा. तिथे ५ आहे. जोडीतून एक क्रमांक, क्रमांकातून घर. हा हिशेब कळला त्या रात्री मला प्रथमच वाटले की आपण नुसत्या आज्ञा पाठ करत नाही.

५

रीत सुधारली तरी दोन खड्डे शिल्लक होते, आणि दोन्ही जुन्या कागदांनी खणलेले.

पहिला नावांचा. आरमध्ये क्रमांकांऐवजी नावांच्या जोड्याही देता येतात आणि ते फार सोयीचे वाटते. पण एकच नाव दोन ओळींना असेल तर आर पहिली ओळ धरते आणि गप्प राहते. वऱ्हाडात एकाच नावाची गावे किती! बुद्रुक-खुर्द लिहायचे राहिले की दोन गावांचे एक गाव होते. आजही विदर्भात सातबाऱ्यावर गावाच्या नावासोबत प. ह. नं., म्हणजे पटवारी हलका नंबर, लिहितात. नावाच्या जोडीला नंबर का लागतो, याचे उत्तर मला संगणकाने दिले. मी नावे सोडून क्रमांकावर आलो.

दुसरा खड्डा शून्याचा. काही अर्जांवर साल वाचता येत नव्हते. तिथे मी सवयीने शून्य घातले होते. आरमध्ये मोजणी एकापासून सुरू होते आणि जोडीत कुठे शून्य असेल तर ती ओळ सरळ वगळली जाते. म्हणजे तो अर्ज यादीतून नाहीसा होतो आणि कोणाला पत्ता लागत नाही. त्याऐवजी ‘एनए’ असे लिहिले, म्हणजे माहिती नाही असे कबूल केले, तर उत्तरातही त्या जागी ‘एनए’ येते. जागा रिकामी दिसते, पण दिसते. पटवाऱ्याच्या नकलेतही कोरे घर आणि शून्य आणे ही वेगळी गोष्ट आहे. शून्य म्हणजे शिवारात जाऊन पाहिले आणि काहीच पीक नव्हते. कोरे म्हणजे कोणी लिहिलेच नाही. दुष्काळाच्या इतिहासात या दोहोंची गल्लत करणे म्हणजे कोणाच्या तरी उपाशी वर्षावर बोळा फिरवणे.

मी सगळे पुन्हा केले. किती जोड्या दिल्या आणि किती आकडे आले, हे आधी मोजले. मग वीस घरे नकलेवर बोट ठेवून पडताळली. गावे थोडी आहेत, म्हणून त्यांच्या आधारे वऱ्हाडाबद्दल काही सांगण्याचा आव मी आणत नाही. पण ज्या गावांविषयी मी बोललो होतो त्यांच्यापुरते उत्तर स्वच्छ होते. अर्जांच्या वर्षांतली आणेवारी त्या त्या गावाच्या इतर वर्षांपेक्षा खाली होती. कास्तकारांच्या अर्जांत जे लिहिले होते तेच पटवाऱ्याच्या हातच्या आकड्यांतही होते. मी भर सभेत त्यांना खोटे ठरवले होते आणि त्यांच्यापैकी उत्तर द्यायला कोणी उरलेले नव्हते. एका पटवाऱ्याचा मुलगा होता म्हणून निभावले.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी वेळ मागून घेतली आणि चूक सांगितली. नंतर काकाजींच्या घरी गेलो. त्यांनी वडिलांच्या हातची एक जुनी वही काढली. मी त्यांना लॅपटॉपवर नवा तक्ता दाखवला. त्यांनी आकड्यांच्या यादीकडे पाहिले नाही. डाव्या हाताचे बोट स्वतःच्या गावाच्या ओळीवर ठेवले, उजव्या हाताचे वरच्या वर्षावर, आणि दोन्ही बोटे हळूहळू सरकवत एकत्र आणली. मग वहीत पाहिले. आकडा जुळला.

‘‘आता बरोबर आहे,’’ ते म्हणाले. ‘‘बाबा असेच पाहत.’’

हे सगळे जुन्या कागदांपुरते असते तर इतके लिहिले नसते. २०१६ पासूनच्या पंतप्रधान पीक विमा योजनेत भरपाईचा हिशेब पीक कापणी प्रयोगांच्या आकड्यांवर बेतलेला आहे. गाव, सर्व्हे नंबर आणि नैऋत्य कोपऱ्यापासूनची दोन अंकांची जोडी आजही कास्तकाराच्या पैशाशी बांधलेली आहे. फक्त आता ते आकडे वहीत राहत नाहीत, संगणकातल्या तक्त्यांत जातात, आणि तिथून ते कोणीतरी एखाद्या कंसात दोन याद्या लिहून बाहेर काढतो. तो माणूस माझ्यापेक्षा जास्त शिकलेला असेल. तरीही त्याने उत्तर पुढे पाठवण्यापूर्वी किती घरे मागितली आणि किती आली ते मोजावे आणि चार-पाच घरे मूळ कागदावर बोट ठेवून पडताळावीत, एवढेच माझे मागणे आहे. दशांशातली आणेवारी ओळखणारे काकाजी प्रत्येक सभेत असतीलच असे नाही.